टाकीकडची रिंग

सोम., १९ जाने.

जिने आजवर एकदाही चेंडू हाती घेऊन रिंगेकडे फेकलेला नाही, तिने खेळाडूंच्या भवितव्याविषयी मत लिहावे, हा आगाऊपणा आहे. या वहीची आधीच क्षमा मागून ठेवते. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांची मागण्याचे धैर्य अजून नाही.

झाले असे. आमच्या महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक राठोड सर आज प्रयोगशाळेच्या दारात आले आणि सर्वांसमक्ष त्यांनी माझे नाव पुकारले. मुलींच्या बास्केटबॉलची एक नवी व्यावसायिक लीग निघते आहे. तिचे संघ आळीपाळीने एकेक खेळाडू उचलणार. याला ड्राफ्ट म्हणतात. प्रत्येक महाविद्यालयाने एकच नाव सुचवायचे आणि त्या खेळाडूविषयी एक पानभर मत द्यायचे. पुण्याच्या निवड समितीच्या मॅडम ते वाचणार. मराठीत चालेल. मुदत १० फेब्रु.

"सुजाता, तू लिही."

"सर, मी फक्त सामन्यांचं गुणपत्रक भरते."

"तीन वर्षं भरतीस ना? मग झालं. माझं लिहिणं म्हंजे हजेरीपट."

मला नाही म्हणता येत नाही, हे सरांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गुणलेखकाच्या टेबलाशी मला असेच बसवले होते. दहावीला शाळेत पहिली, मराठी माध्यम, अक्षर सुवाच्य, बोलणे जवळपास शून्य. आता एम.एस्सी. संख्याशास्त्र, बोलणे तेवढेच. चेंडू माझ्या दिशेने आला की मी वही छातीशी धरून पाय वर घेते.

नाव अर्थात अश्विनीचे. तिचे हे शेवटचे वर्ष. यानंतर विद्यापीठाच्या संघातून खेळता येणार नाही, आणि शहरात मुलींना खेळायला दुसरा संघ नाही. लीगने घेतले तर खेळ पुढे चालू. नाहीतर जूनपासून बूट माळ्यावर.

बुध., २१ जाने.

आज मसुदा केला. उंची पाच फूट अकरा इंच. फर्दापूरची. तिच्या वडिलांचे तिथे नाश्त्याचे हॉटेल. लेणी पाहायला आलेल्यांच्या टेबलांवर एका हातात चार बशा नेत वाढली, म्हणून चेंडू हातातून सुटत नाही, असे ती स्वतःच सांगते.

अधिकृत गुणपत्रकात फक्त पडलेले बास्केट नोंदतात. चुकलेल्या शॉटना तिथे जागा नाही. ते मी माझ्या वहीत ठिपक्यांनी मांडते, सरावाचेसुद्धा. सर हसतात, आज मात्र हीच वही मागितली.

हिशोब: आमच्या मैदानावर अश्विनी (यापुढे अ.) शंभर शॉटमागे चौसष्ट टाकते. बाहेरगावच्या सामन्यांत चव्वेचाळीस. वीसची तफावत, तिन्ही वर्षे सारखी. एवढ्या मोठ्या तफावतीला कारण असलेच पाहिजे. बराच वेळ विचार करून लिहिले:

"घरच्या मैदानावर ही खेळाडू निर्धास्त असते, परक्या ठिकाणी मात्र दडपणाने तिचा हात आखडतो."

तीनदा वाचले. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजू समतोल. आवडले.

शुक्र., २३ जाने.

सरांनी मसुद्याचा फोटो काढून मॅडमना पाठवूनही टाकला. मला विचारले नाही. "कच्चा आहे" असे तरी कळवायचे.

संध्याकाळी मॅडमचे उत्तर. सरांनी फोन माझ्यापुढे धरला: "आकडे फार उपयोगी. पण दडपणाखाली खचणारी मुलगी कोणताही संघ घेणार नाही. तिथे प्रेक्षक असतात, कॅमेरे असतात. अंतिम मतही हेच असेल, तर महाविद्यालयाने दुसऱ्या नावाचा विचार करावा."

"तू लिहिलंस ते खरंय ना?" सर म्हणाले. रागाने नव्हे. राग परवडला असता.

"आकडे खरे आहेत, सर."

"मग झालं की."

घरी आले, जेवले नाही. आकड्यांनी हात आखडल्याचे कधी सांगितले? त्यांनी फक्त वीस सांगितले. बाकीचे मी...

सोम., २६ जाने.

ध्वजारोहण मैदानावरच असते. मी लवकर गेले. घरी बसवत नव्हते. बबनमामा (मैदानाची देखभाल करणारे शिपाई) एका रिंगेपासून दुसऱ्या रिंगेपर्यंत पताकांची दोरी बांधत होते. पाण्याच्या टाकीकडच्या रिंगेपाशी स्टूल ठेवले, चढले, सहज गाठ मारली. मग तेच स्टूल वसतिगृहाच्या बाजूला नेले. चढले. हात पुरेना. टाचा उचलल्या. तरी बोटांनी चाचपत गाठ कशीबशी बसली.

तेच स्टूल. तेच मामा.

संचलन चालू असताना मी पताकांच्या दोरीकडेच पाहत होते. राष्ट्रगीत संपल्यावर शिफाला गाठले. शिफा आमची सर्वांत बुटकी खेळाडू; रोज खुलताबादहून एसटीने येते, मैदानभर चेंडू हीच पुरवते. वयाने लहान, मला ताई म्हणते.

"शिफा, टाकीकडची रिंग खाली आहे का गं?"

"हौ ना."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सबको मालूम है ताई! गॅदरिंगच्या मंडपवाल्यानं तिलाच दोऱ्या बांधल्या हुत्या, तवापासून झुकली ती. आपको नै मालूम? तीन साल से सामने बैठते आप!"

मग हसू लागली. हसता हसता खालीच बसली. "अरे सुनो, ताईको रिंग आज दिखी!"

सराव नेहमी टाकीकडेच होतो, कारण वसतिगृहाकडच्या बाजूला मुलींचे कपडे वाळत असतात. घरच्या सामन्यांत नाणेफेक जिंकली की कर्णधार उत्तरार्धासाठी टाकीचीच बाजू मागते. म्हणजे वहीतले बहुतेक ठिपके त्या एकाच रिंगेचे. मैदानावरच्या प्रत्येकीला ठाऊक होते. फक्त जिच्याकडे वही होती तिला नव्हते, कारण ती वहीत पाहत होती.

मंगळ., २७ जाने.

पप्पा भूकरमापक. जमीन मोजण्यात तीस वर्षे गेली. शेजारची दोन घरे भांडू लागली, तरी ते आधी टेप शोधतात. सकाळी सगळे सांगितले.

"मोजलंस का?"

"नाही. पण दिसतंच आहे, पप्पा."

"दिसण्यावर निकाल देतेस? त्या पोरीबद्दल बी असाच दिला का?"

आई म्हणाली, "अहो, पोरगी चार दिवस जेवंना, आन तुम्ही उलटतपासणी घेता व्हय!" पण पप्पांनी तोवर पोलादी टेप काढली होती.

कार्यालयात जाण्याआधी माझ्याबरोबर आले. बबनमामांची शिडी. मामांनी वर टोक धरले, पप्पा खाली गुडघ्यावर. दोनदा मोजले, मग जागा बदलून तिसऱ्यांदा.

वसतिगृहाकडची: दहा फूट. नियमाप्रमाणे.
टाकीकडची: मागून नऊ फूट दहा, पुढच्या कडेला नऊ फूट साडेआठ.

पप्पांनी पँटची धूळ झटकली. "साडेतीन इंच. एवढ्या फरकावर आमच्याकडं बांधाची केस उभी राहती."

म्हणजे अ. परक्या मैदानावर खचत नव्हती. तिथल्या रिंगा फक्त सरळ होत्या.

आणि मी तिच्या स्वभावावर वाक्य लिहिले. परक्या ठिकाणी कोणाचा हात आखडतो, हे मला फार जवळून माहीत आहे. स्वतःकडचे होते, ते तिला देऊन टाकले.

बुध., २८ जाने.

अ.ला सांगितले. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर. आधी कागदावर मुद्दे काढले होते. कागद दप्तरातच राहिला. मसुद्यातले वाक्य तिला वाचून दाखवले, मॅडमचे उत्तर सांगितले, मग रिंग. क्षमा मात्र पायरीकडे पाहत मागितली.

 मला वाटले ती आता उठून जाईल, आणि तो तिचा अधिकार होता.

"किती म्हणालीस? साडेतीन इंच?"

"हो."

"पप्पांनी मोजलं? टेपनं?"

"तीन वेळा."

"सुजे..." तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अगं, रिंग थोडी झुकलीय ते माहीत होतं. पण त्यानं माझे शॉट चुकत्यात हे नव्हतं माहीत. बाहेर गेलं की चेंडू कडेला लागून परत यायचा. दरवेळी. मला वाटायचं मी घाबरते. गाडीतून येताना पाठीमागच्या सीटवर तोंड लपवून रडायचे मी. तू लिहायच्या आधी तीन वर्षं तेच वाक्य मी सोताला म्हणत होते."

आणि मग ती हसली, चांगली मोठ्याने, फर्दापूरच्या हॉटेलात ऑर्डर सांगावी तशी. "लोखंड वाकडं हुतं! मी नाय, लोखंड!" वरच्या गॅलरीतून कोणीतरी विचारले, काय झालं गं. "काय नाय! लोखंड वाकडं हुतं!"

मी पण हसले असावे. नंतर गाल दुखत होते.

पण हे पुरे नाही. टाकीकडचे आकडे बाद, आणि बाहेरच्या सामन्यांतला हात वाकड्या रिंगेवर घडलेला. सरळ रिंगेवर सराव केला तर ती किती टाकते, हे कोणालाच ठाऊक नाही. तिलाही नाही. बारा दिवस आहेत. अ.: "मोज मग. पयल्यापासून."

शनि., ३१ जाने.

घराजवळ, गारखेड्यातल्या मैदानावर दोन्ही रिंगा सरळ आहेत (पप्पांनी मोजल्या). सकाळी साडेसहा. पाच जागा, प्रत्येकीवरून वीस शॉट. शिफा पहिल्या एसटीने येऊन चेंडू गोळा करून देते. बदल्यात आईच्या हातची थालीपिठे ठरली आहेत.

गुरुवारी ४३. शुक्रवारी ४२. आज ४५.

अ.ला प्रत्येक आकडा लगेच हवा असतो. मी हळू आवाजात सांगते. "मोठ्यानं सांग की! तुझा आवाज काय रेशनवर मिळतो?"

सरांना सोमवारी सांगेन. नको, उद्या फोन करीन.

रवि., १ फेब्रु.

सरांना फोन केला. हातात कागद धरून बोलले. सरांनी सगळे ऐकून घेतले. मग: "ती रिंग सरळ करून घ्यायची, हे माझ्या डोक्यात दोन वर्षं आहे. राहूनच गेलं बघ." आणि लगेच: "म्हंजे चूक तुझी नाय, माझी." मी म्हणाले, वाक्य माझे होते. ते म्हणाले, बरं, निम्मी निम्मी.

एवढेच. मी या फोनला तीन दिवस भीत होते.

आजचा आकडा ४९. चेंडू आता कडेला लागत नाही; जाळीत पडतो तेव्हा वेगळा आवाज येतो. पूर्वी मी हा आवाज ऐकलाच नव्हता, कारण मान खाली असे.

अ. घरी आली होती. दारातून "जय भीम काका, तुमची टेप कुठाय? दर्शन घ्यायचंय," म्हणाली. पप्पांनी खरोखर आणून दाखवली.

मंगळ., ३ फेब्रु.

काल ५२. आज ५५.

अ. काय बदलते, ते विचारले. तिला सांगता येईना. "हात थोडा वर सोडते. बाकी काय नाय. गुडघ्याला कळतं." हे मतात कसे लिहावे? 'गुडघ्याला कळते' असेच लिहीन. सहा दिवसांत शरीराने तीन वर्षांची सवय मोडली. मॅडमना चौसष्टपेक्षा हे अधिक मोलाचे वाटायला हवे. मला वाटते.

गुरु., ५ फेब्रु.

शिफा नव्हती. खुलताबादला मामेबहिणीचे लग्न. अ. म्हणाली, "मग चेंडू तू दे."

वही दगडाखाली ठेवली. चेंडू हातात घेतला. अपेक्षेपेक्षा जड, आणि खरखरीत, फणसासारखा. पहिला दिला तो तिच्या गुडघ्यावर. दुसरा डोक्यावरून. फिरायला आलेले एक आजोबा थांबून पाहू लागले आणि म्हणाले, "बाळ, दोन्ही हातांनी." दोन्ही हातांनी दिला. बरे जमले. त्यानंतर मी पाय वर घेतले नाहीत. हे इथे नोंदवून ठेवते.

आकडा मात्र ४४.

काल ५७ होता. तीच रिंग, तीच वेळ, तीच अ. आज वारा नव्हता. दमलीही नव्हती. मी रिंग मोजायला निघाले होते, अ. म्हणाली, "रिंग नाय गं. चेंडू. शिफाचा बरोब्बर हिथं येतो," आणि कपाळासमोर तळवा धरला. "मला वाकावं लागत नाय. शोधावं लागत नाय. तुझा एक औरंगपुऱ्यात, एक सिडकोत."

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. तीन वर्षांचे ठिपके. चेंडू कोणी दिला याचा रकाना कुठेही नाही. गुणपत्रकात नसतो, म्हणून मीही आखला नाही. शिफाच्या नावापुढे सर्वांत कमी गुण, आणि मी तिच्याविषयी एकदाही विचार केला नाही. सकाळी सकाळी एसटीने येऊन शंभर चेंडू कपाळाच्या उंचीवर देणारी मुलगी, आणि मी तिच्याकडे थालीपिठांपुरते पाहिले.

दुसऱ्यांदा तीच चूक. पण या वेळी लिहिण्याआधी सापडली. बरे वाटते आहे, आणि बरे वाटल्याची थोडी लाज.

शनि., ७ फेब्रु.

काल ५६. शिफा कालच परतली, लग्नातले लाडू घेऊन. अ.चे वडीलही फर्दापूरहून आले होते, पोह्यांचा डबा घेऊन; कडेला उभे राहून मोठ्याने मोजत होते आणि मधले आकडे गाळत होते. अ.: "आबा, मोजू नका, ती मोजती! तुम्ही गिऱ्हाईक नाय मोजत हिथं!" मुलांचा संघही येऊन बसला, प्रत्येक शॉटला हुर्यो. मला वाटले आता बिघडणार. अ.ने त्यांच्याकडे वळून पाहिले, चेंडू दोनदा आपटला आणि टाकला. जाळी.

५८. अठरा-वीस लोकांसमोर, वडिलांसमोर, ओरडणाऱ्या मुलांसमोर. दडपण म्हणजे हेच असेल, तर तिचा हात आखडत नाही.

दुपारी वेल्डरने टाकीकडची रिंग सरळ केली. सर स्वतः उभे होते. पप्पा टेप घेऊन. दहा फूट. शिफा म्हणाली, "आता आपल्याच मैदानावर आपण हरनार." सर म्हणाले, "हरा. पण खरं हरा."

रवि., ८ फेब्रु.

अंतिम मत लिहिले. दिवसभर लागला.

पहिल्या परिच्छेदात आधीचे वाक्य मागे घेतले, कारणासह: रिंगेचे माप, तारीख, कोणी मोजले. 'हे मत चुकीच्या रिंगेवर आणि लिहिणारीच्या स्वभावावर आधारलेले होते' असे लिहिले. दुसऱ्यात दहा सकाळींचे आकडे, ४३ पासून ५८ पर्यंत, मधला ४४ न गाळता. तो का पडला, तेही. आणि गुडघ्याला कळते, हेही.

शेवटी: 'आपण एकच नाव मागितले आहे, आणि ते अश्विनीचेच आहे. परंतु हे आकडे दोघींचे आहेत. पडलेल्या बास्केटचा रकाना असतो, दिलेल्या चेंडूचा नसतो. म्हणून शिफाचे नाव कोणत्याही पत्रकात आपल्याला सापडणार नाही. तिला एकदा प्रत्यक्ष पाहावे. मैदानात पाहताना आधी चेंडूकडे न पाहता, तो जिथून निघाला तिथे पाहावे.'

हे वाचून अ.चे नुकसान होईल का? तिलाच विचारले. फोनवर पूर्ण वाचून दाखवले. ती म्हणाली, "चव्वेचाळीस पण ऱ्हाऊ दे. तो तुझा आकडा हाय." आणि मग, "शिफाचं लिहिलंस ते तिला सांगू नको अजून. उगंच रात्रभर जागंल."

सोम., ९ फेब्रु.

सरांना दाखवले. चष्मा वर करून दोनदा वाचले.

"नाव एकच मागितलंय, सुजाता."

"नाव एकच लिहिलं आहे, सर. दुसरा परिच्छेद आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिले. बहुधा मी मोठ्याने बोलले असावे.

"त्यांना आगाऊपणा वाटला तर?"

"वाटेल. तरी राहू द्या."

त्यांनी फोन माझ्याच हातात दिला. तूच पाठव, म्हणाले. खिडकीतून मैदान दिसत होते; शिफा एकटीच सरळ झालेल्या रिंगेखाली उभी राहून वर पाहत होती. कोणी घेईल का दोघींना, एकीला, कोणालाच नाही, माहीत नाही. अक्षर एकदा तपासले.  सकाळी जेवूनच आले होते.

पाठवले. सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे.